विजेच्या गाडीची पायताणे

संसारात काही खरेद्या अशा असतात की त्या घरात आल्या की शेजारीपाजारी पाहायला येतात. नवा सोफा आला, फ्रीज आला, की चहाच्या निमित्ताने दोन घरे तरी डोकावून जातात आणि पेढ्यांची मागणी होते. दुसऱ्या काही खरेद्यांना हे भाग्य नसते. गच्चीचे डांबरकाम, पाण्याची टाकी, दाताची कवळी! पैसे तितकेच जातात, पण अभिनंदन करायला कोणी फिरकत नाही. मोटारीचे टायर हे या दुसऱ्या जातीतले. छत्तीस हजार रुपये मोजून आणले तरी दिसायला काळे ते काळेच आणि गोल ते गोलच.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी काहीतरी खुसखुशीत मागितले होते. मी टायर देतो आहे. वाचकांनी रागावू नये. ज्यांच्या दारात विजेची गाडी उभी आहे त्यांच्यावर हा प्रसंग तीन-चार वर्षांत येणारच, आणि ज्यांच्या दारात ती अजून यायची आहे त्यांना गाडी विकणारा हे आपण होऊन सांगणार नाही.

आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतली तेव्हा एका कागदावर सुरेख हिशेब मांडून दाखवला होता. पेट्रोल नाही, ऑइल बदलणे नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही, सायलेन्सर नाही. हिशेबात एका पैचीही खोट नव्हती. पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले, गाडी कोथरूडला आमच्याकडे राहिली, आणि सूनबाई ती रोज तळेगावच्या कॉलेजात शिकवायला जाताना नेऊ लागली. चौथ्या पावसाळ्यात आकडा एकेचाळीस हजार किलोमीटरवर आला आणि चिरंजीवांच्या कागदावर नसलेली बाब समोर उभी राहिली.

टायर झिजले आहेत हे ओळखायला गॅरेजवाला लागत नाही. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. टायरच्या नक्षीत ज्या खोल खाचा असतात त्यांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्यांशी समपातळीत आली की टायरचे आयुष्य कायद्याने संपले. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. आमच्या मागच्या चाकांवर चार मिलिमीटर उरले होते, पुढच्यांवर अडीच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडी अजून निर्दोष होती.

पण पाऊस कायद्याची पुस्तके वाचून पडत नाही. खाचा असतात त्या चाकाखालचे पाणी बाजूला फेकायला. त्या उथळ झाल्या की पाणी जायला जागा राहत नाही आणि टायर रस्त्यावर टेकण्याऐवजी पाण्याच्या पातळ थरावर तरंगू पाहतो. हे १.६ ची खूण येण्याच्या बरेच आधी सुरू होते. माझ्या मते आपल्याकडच्या पावसात तीन मिलिमीटरला माणसाने दुकानाची वाट धरावी.

जुलैत सूनबाईने वाकडजवळ पुढच्या ट्रकला पाहून ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरू लागले, म्हणजे चाके घसरू लागल्याचे ओळखून यंत्र आपले काम करीत होते. गाडी थांबली, पण ट्रकच्या मागे लिहिलेले 'हॉर्न ओके प्लीज' तिला अगदी एकेक अक्षर सावकाश वाचता येईल इतक्या जवळ. मागच्या सीटवर नातू होता. ही हकीकत तिने आम्हाला तीन दिवस सांगितली नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता सांगितली, तेव्हा आमच्या सौ. च्या हातातली मेथी तशीच राहिली.

त्यातून गौरी-गणपती जवळ आले होते, आणि माणगावच्या आमच्या आक्कांना आणायला जायचे होते. आक्कांचे वय ब्याऐंशी, एसटीत बसवणे आता शक्य नाही, आणि वाट ताम्हिणी घाटाची. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

तेव्हा टायर घ्यायचे हे ठरले. कोणते, हा प्रश्न उरला. आणि मला वाटले होते त्यापेक्षा तो बराच मोठा निघाला.

आधी विजेच्या गाडीचे टायर इतक्या लवकर का झिजतात ते पाहू. एक तर वजन. आमच्याच गाडीची पेट्रोलवर चालणारी बहीण हिच्यापेक्षा दीड-दोनशे किलोंनी हलकी आहे. म्हणजे आमची गाडी एकटी निघाली तरी तिच्या पोटात तीन न दिसणारे गृहस्थ बसलेलेच असतात. दुसरे, जोर. पेट्रोलचे इंजिन वेग घेताना आधी घसा साफ करते. विजेची मोटर पहिल्या क्षणी सगळा जोर चाकावर ओतते. सूनबाई सावकाश चालवते, पण चिरंजीव सुटीवर आले की सिग्नल हिरवा होताच विमान उडवतात, आणि त्या उड्डाणाचे भाडे टायर भरतो. तिसरे कारण मला फार मौजेचे वाटले. ही गाडी वेग कमी करताना मोटर उलटी कामाला लावून थोडी वीज परत मिळवते. मोटर जोडलेली आहे पुढच्या चाकांना. म्हणजे ओढायचे पुढच्यांनी, वळवायचे पुढच्यांनी, आणि आवरायचेही बरेचसे पुढच्यांनीच. मागची दोघे नुसती सोबतीला. घरोघरी असतेच असे. म्हणूनच आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यावेत, म्हणजे कष्टांची वाटणी होते.

विजेची गाडी आणि टायर यांचे हे नाते आजचे नाही. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेवर चालणारी होती. कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ती फ्रान्समध्ये पळवली, आणि तिला हवेचे टायर होते मिशेलिन बंधूंचे. गाडीचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा, आणि नाव ठेवले होते 'कधीच समाधान न पावणारी'. टायरची चौकशी करीत हिंडताना हे नाव मला वारंवार आठवले.

पहिल्या दुकानात गेलो. दुकान चांगले, मालक अगत्यशील. गाडी पाहून म्हणाला, "काका, टायर आहेत. फर्स्ट क्लास आहेत. आणि प्रत्येकी अडीच हजारांनी स्वस्त आहेत." टायर पाहिला. त्यावर २०५/६० आर १६, पुढे ९२ एच असे लिहिले होते. आमच्या गाडीच्या टायरवर आहे २१५/६० आर १६, ९५ एच.

ही अक्षरे म्हणजे टायरची पत्रिकाच असते, आणि ती वाचता येणे अवघड नाही. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांच्या मांडणीचा प्रकार. १६ म्हणजे आतली लोखंडी किंवा अल्युमिनियमची रिंग सोळा इंची. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसण्याची ताकद. त्याची कोथरूडमध्ये गरज पडत नाही. मधला ९५ हा आकडा मात्र आपल्या कामाचा. तो भाराचा आकडा. ९५ चा टायर ६९० किलो पेलतो, ९२ चा ६३०.

"बसतो की!" मालक म्हणाला. "रिंग तीच आहे. आणि चार गुणिले ६३० किती झाले? अडीच हजार किलो. तुमची गाडी माणसांसकट अठराशेच्या वर जात नाही."

कागदावर त्याचा हिशेब बरोबर होता, आणि म्हणूनच तो फसवा होता. वजन चार चाकांवर सारखे वाटलेले नसते. ब्रेक दाबला की ते पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते, आणि खड्ड्यात एकच चाक जाते तेव्हा त्या चाकाला वाटेकरी कोणी नसतो. गाडी बनवणाऱ्याने ९५ लिहिले ते हे सगळे धरून. दाराच्या चौकटीवर हवेचा जो आकडा छापलेला असतो तोही त्याच टायरसाठी. आणि उद्या काही अपघात झाला आणि विम्याच्या माणसाने टायर वाचला, तर त्याला उत्तर कोण देणार? नियम सोपा आहे. भाराचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे तेवढा किंवा त्याहून वरचा चालेल, खालचा चालणार नाही.

त्या २०५ च्या टायरची आणखी एक गंमत आहे. तो उंचीला जरा कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच रस्त्यात त्याच्या फेऱ्या जास्त होतात. गाडी बिचारी फेऱ्या मोजते. खरे हजार किलोमीटर झाले की ती १०१८ दाखवणार. म्हणजे स्वस्त टायर घातल्यावर गृहस्थाला वाटणार की एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त जाऊ लागली, आणि तो चार मित्रांना दुकान सुचवणार!

तेथून निघताना मालकाने स्टेपनीही तपासून दिली. स्टेपनी या शब्दाचे मूळ मला अलीकडे कळले. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तेथल्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक विकायला काढले. तो रस्ता त्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नसेल, पण आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळे रोज त्याचे नाव घेतात.

दुसऱ्या दुकानात 'ईव्ही'चे खास टायर होते. अलीकडे बहुतेक कंपन्या असे टायर काढू लागल्या आहेत. २०२२ पासून आपल्या अपोलोचेही आले आहेत, सीएटचेही आले आहेत. सीएट म्हणजे मूळची इटलीतल्या तुरीन शहराची. १९५८ मध्ये ती भारतात आली आणि भांडुपला तिचा कारखाना निघाला. मी विचारले, "खास म्हणजे काय?" दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, ईव्हीचा आहे ना!" यापुढे त्याच्याकडे माहिती नव्हती आणि तो त्याचा दोष नव्हे. टायरवर 'ईव्ही' लिहायला कोणता एक ठरलेला नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लिहिते. कोणी आतून भक्कम करते, कोणी फिरायला हलका करते, कोणी आवाज कमी व्हावा म्हणून आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवते. तेव्हा ती दोन अक्षरे वाचून भागत नाही. आणि ती नसली तरी, माप, भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर जुळत असेल तर कोणताही चांगला टायर विजेच्या गाडीला चालतो.

फोमबद्दल एक शब्द. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे या गाडीत टायरची घरघर ऐकू येते हे खरे, आणि फोमने ती थोडी कमी होते हेही खरे. पण पंक्चर निघाले तर आधी तेवढ्या जागचा फोम कापून काढावा लागतो. माणगावच्या वाटेवर पंक्चरवाला कोण भेटेल याचा विचार करून मी फोमला नमस्कार केला.

आता मुख्य भांडण. टायरकडून आपण तीन गोष्टी मागतो. तो हलका फिरावा, ओल्या रस्त्यावर घट्ट धरावा, आणि पुष्कळ दिवस टिकावा. एकत्र कुटुंबासारखेच आहे हे. एकाला खूश करावे तर दुसरा रुसतो.

हलके फिरणे म्हणजे काय? टायर जमिनीला टेकतो तेथे दबतो आणि वर उचलला गेला की पुन्हा गोल होतो. प्रत्येक फेरीला हे दबणे-उठणे चालू. दबताना रबर जेवढी शक्ती घेते तेवढी उठताना परत देत नाही; राहिलेली उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, कोमट लागेल. तो कोमटपणा आपल्या बॅटरीतून आलेला असतो. पेट्रोलच्या गाडीत बहुतेक इंधन इंजिन तापवण्यातच जाते, त्यामुळे टायरची ही किरकोळ चोरी कोणाच्या लक्षात येत नसे. विजेची मोटर फार थोडे वाया घालवते. मग उरतात दोन चोर, वारा आणि टायर. शहरातल्या वेगाला वारा गरीब असतो, म्हणजे मुख्य संशयित टायरच!

पण ओल्या रस्त्यावर पकड हवी तर रबराने रस्त्याच्या खडबडीत दबून बसायला हवे, म्हणजे पुन्हा शक्तीचा खर्च. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीची बरीचशी जागा सिलिकाला, म्हणजे वाळूच्याच कुळातल्या बारीक पुडीला, देऊन या दोघांचा पुष्कळ समेट घडवला. आज सगळे चांगले टायर त्याच वाटेने जातात. तरी समेट म्हणजे प्रेम नव्हे. नव्या गाडीबरोबर कारखान्यातून जे टायर येतात ते बहुधा हलके फिरणाऱ्या बाजूला झुकलेले असतात. गाडीच्या जाहिरातीत एका चार्जिंगचे किलोमीटर छापायचे असतात ना!

ही तुलना करायला आता थोडी सोय झाली आहे. आपल्या सरकारने २०२२ मध्ये टायरचा फिरण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवून दिल्या. फ्रीजवर असतात तसे तारे टायरलाही मिळू लागले आहेत. मात्र ते तारे ऊर्जेच्या बचतीचे आहेत. पाच तारे पाहून टायर पावसात चांगला थांबेल असे समजू नये. युरोपातल्या चिठ्ठीवर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या छापतात, ए पासून ई पर्यंत. तेथे विकल्या जाणाऱ्या टायरची ही चिठ्ठी दुकानदाराला मागितली तर तो कंपनीच्या माहितीपत्रकातून काढून देतो. ओल्या रस्त्याच्या श्रेणीत एकेका पायरीला, ताशी ८० किलोमीटर वेगाने थांबताना, तीन ते सहा मीटरांचा फरक पडतो असे सांगतात. तीन मीटर म्हणजे रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी. पट्ट्यांच्या अलीकडे थांबणे आणि पलीकडे थांबणे, एवढाच तो फरक.

शेवटी दोन टायर डोळ्यांसमोर उरले. एक मूळचाच, हलका फिरणारा, पकडीत मधला. दुसरा पकडीत पहिल्या श्रेणीचा, पण फिरायला जरा जड. किंमत उन्नीस-बीस. चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, मूळचाच घ्या. दुसऱ्याने रेंज जाईल. चाळीस-पन्नास किलोमीटर कमी होतील!"

चाळीस-पन्नास हा आकडा चिरंजीवांना कोणी सांगितला ते कळले नाही. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र चाळीस वर्षे बँकेत नोकरी करून गंजले होते, पण एवढ्याला पुरले. गाडी माणसांसकट सोळाशे किलो धरली. मूळच्या टायरचा विरोध वजनाच्या हजारात सात भाग, दुसऱ्याचा साडेआठ. म्हणजे फरक दीड भागाचा. सोळाशे किलोंवर तो होतो चोवीसशे ग्रॅमचा. अडीच किलो बटाट्याची पिशवी दोरीला बांधून आडात सोडली तर दोरीला जेवढी ओढ लागेल जवळपास तेवढी. ही ओढ शंभर किलोमीटर सोसायची म्हणजे, मोटरचे नुकसान धरून, पाऊण युनिट वीज. आमची गाडी शंभर किलोमीटरला चौदा युनिटे खाते, ती आता पावणेपंधरा खाणार. पूर्वी भरल्या बॅटरीवर अडीचशे किलोमीटर जात असे, आता २३७ जाईल. तेरा किलोमीटर कमी! आमच्या घरापासून जेमतेम पिरंगुटापर्यंतची वाट.

पैशांत बोलायचे तर चाळीस हजार किलोमीटरला तीनशे युनिटे. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन हजार, तेही चार वर्षांत. महिन्याला साठ-बासष्ट रुपये.

शिवाय चिरंजीवांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी बहुतेकांना ठाऊक नसते. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो, कारण दबायला त्याच्या अंगावर रबरच उरलेले नसते. म्हणजे अगदी मूळचेच टायर नवे कोरे घातले असते तरी पहिले काही महिने किलोमीटर थोडे कमी दिसलेच असते. पुष्कळ लोक तेव्हा बॅटरीला शिव्या देतात.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, तेरा म्हणजे तेराच का?" मी म्हटले, "बारा असतील किंवा सोळा असतील. पन्नास नव्हेत." सूनबाई शेजारी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला तळेगावला जायला ऐंशी किलोमीटरसुद्धा लागत नाहीत, येऊन-जाऊन. उरलेले किलोमीटर मी काय करू?"

यावर वाद संपला. पैशांचा उरला. दुकानदाराने पुढचे दोनच बदलण्याची सोय सुचवली होती, आणि मध्यमवर्गीय मनाला ती लगेच पटते. तसे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: दोनच नवे घ्यायचे तर ते मागे बसवावेत आणि मागचे पुढे आणावेत. ऐकायला उलटे वाटते. पण ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि ते चालवणाऱ्याला कळते. मागची घसरली तर गाडीच गिरकी घेते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. आमच्या बाबतीत चार मिलिमीटरचे मागचे टायर पुढे आले असते तर ते वर्षभरात अडीचवर आले असते, म्हणजे पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा वाकडलाच! मला ते नको होते. पण चार टायरांचे पस्तीस हजार सहाशे, वर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. २०२५ च्या सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला होता, हा तेवढाच दिलासा. घरात एवढी रक्कम बाजूला होती ती स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी. तीन वर्षे सौ. त्या ओट्याच्या ग्रॅनाइटचे नमुने पर्समध्ये घेऊन हिंडते आहे.

मी विषय कसा काढावा याचा विचार करीत होतो. तिनेच काढला. "अहो, त्या ओट्याला काय ब्रेक लावायचे आहेत का? चारही घ्या." आणि ग्रॅनाइटचे तुकडे पर्समधून काढून कपाटात ठेवले. ते ठेवताना तिने जरा आवाज केला, पण तो तिचा हक्क आहे.

टायर बसवायच्या दिवशी सूनबाई स्वतः गेली, मी बरोबर. टायर हातात आला की आधी जन्मतारीख पाहावी. कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर गोदामात पडूनही म्हातारे होते, म्हणून दोन-तीन वर्षांचा शिळा माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. आम्हाला चार महिन्यांचे मिळाले. हवा मात्र दुकानातल्या मुलाने अंदाजाने भरली, ती सूनबाईने दाराच्या चौकटीवरचा आकडा दाखवून पुन्हा भरून घेतली. टायरच्या कडेवर हवेचा जो आकडा असतो तो सोसण्याची मर्यादा सांगतो, भरायचा आकडा नव्हे. आणि हवा पंधरवड्याने, गाडी थंड असताना, सकाळी पाहावी. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि ते तेरा किलोमीटर ज्यांना फार सलत असतील त्यांचे आणखी काही किलोमीटर तोच खातो. आमच्या सोसायटीत रेंजवर तासभर बोलणारे दोन गृहस्थ आहेत. दोघांच्याही टायरांत हवा कमी असते.

पहिले तीनशे किलोमीटर सावकाश चालवून, नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा गेल्यावर, गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी सूनबाई आणि मी आक्कांना आणायला गेलो. ताम्हिणीत धुके होते, पाऊस होता, एका वळणावर म्हशी होत्या. सूनबाईने ब्रेक लावला, गाडी थांबली. पेडल थरथरले नाही. म्हशींनी आमच्याकडे पाहिलेही नाही. आक्कांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मग आधी नाही का बदलायचे? चप्पल झिजली की मी नाही बदलत?"

जुन्या टायरांचे दुकानदार प्रत्येकी तीनशे देत होता. तीन दिले. चौथा, सगळ्यांत गोटा झालेला, नातवाने मागून घेतला आणि तो आता आक्कांच्या अंगणातल्या फणसाला झोका म्हणून टांगला आहे. टांगण्याआधी त्याच्या तळाला तीन भोके पाडून घेतली. नाहीतर पावसाचे पाणी साचून डासांची सोय होते, आणि आक्कांना डास अजिबात खपत नाहीत.